कोल्ड स्टोरेजमध्ये फ्रीझर सूटच्या आत स्मार्टवॉच: बॅटरी, काचेवरची वाफ, चुकीचे ठोके

नेरुळ_क्यूसी

तुर्भ्याला कोल्ड स्टोरेजमध्ये क्वालिटीचं काम करते. चेंबर उणे १८ ते उणे २० वर. माल सगळा पॅकबंद खोक्यांत, त्यामुळे आत घड्याळ घालायला मनाई नाही. शिफ्टमध्ये आठ-दहा फेऱ्या, एक फेरी १५ ते २५ मिनिटांची. अंगात थर्मल, वर फ्रीझर सूट, हातात आधी पातळ आणि त्यावर जाड असे दोन मोजे. फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. घड्याळ डाव्या हातात, ओलेड पडदा, ५ एटीएम (पाणी सोसण्याची प्रत), सिमवालं मॉडेल, सिलिकॉनचा पट्टा.

अडचणी अशा:

सकाळी ८ ला १०० टक्के असलेली बॅटरी दुपारी ३ ला २० वर येते. रविवारी घरी तेच घड्याळ रात्रीपर्यंत आरामात चालतं.

बाहेर आलं की काचेवर वाफ धरते. ती पुसली जाते, पण गेले दोन आठवडे काचेच्या आतून, खालच्या कोपऱ्यात धुकं दिसतं आणि अर्ध्या तासाने जातं.

पॅलेट ट्रक (माल हलवायची हातगाडी) ढकलताना ठोके ६२ दाखवतं, कधी नुसती यादी तपासत उभी असताना १५०.

मोजे घातलेले असताना एसओएसची (संकटात मदत मागायची) स्क्रीन आपोआप उघडते. दोनदा सायरन वाजला.

आमच्यातले काहीजण जाकिटाच्या बाहीवरून घड्याळ बांधतात. ते बरं का? आणि पुस्तिकेत वापराचं तापमान ० ते ३५ अंश दिलंय, म्हणजे आत नेणंच चुकीचं आहे का?

पफ_पॅनेल_महापे

ताई, आधी बॅटरीचं बघू. इथे थंडीवर उगाच आळ येतोय.

घड्याळ त्वचेला चिकटून, थर्मल आणि सूटच्या आत असेल तर त्याला उणे २० लागतच नाही. मागची बाजू अंगाच्या उबेवर असते, वरून दोन-तीन थर कापड. पुस्तिकेतले ० ते ३५ अंश म्हणजे घड्याळाच्या भोवतीच्या हवेचं तापमान, आणि बाहीच्या आतली हवा शून्याच्या बरीच वर असते. थंडीत लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. पडदा किंवा रेडिओने एकदम करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं आणि ३०-४० टक्के दाखवणारं घड्याळ पटकन बंद पडतं. उब मिळाली की तेच टक्के परत दिसतात. ही गार बॅटरीची खूण. तुमची बॅटरी एकदम बंद न पडता हळूहळू उतरतेय, म्हणजे कोणीतरी ती खरोखर खातंय.

खातोय रेडिओ. चेंबरच्या भिंती बघा. या तापमानाला साधारण १२० ते १५० मिमीचे पफ (आत फोम भरलेले) पॅनेल लावतात, दोन्ही अंगांना अर्ध्या मिमीचा पत्रा. छतही तसंच, दारही तसंच. दार लागलं की तुम्ही पत्र्याच्या बंद डब्यात असता. लॉकरमधल्या फोनचं ब्लूटूथ तुटतं, मग घड्याळ वायफाय शोधतं, तेही नाही मिळालं की सिमचं नेटवर्क शोधतं, आणि सिग्नल क्षीण असताना मोबाइलचा रेडिओ सगळ्यात जास्त ताकद लावतो. दहा फेऱ्या गुणिले २० मिनिटं म्हणजे तीन तासांहून जास्त वेळ हाच शोध चालू.

खात्री करायची तर दोन सारख्या शिफ्ट घ्या. एका दिवशी दारापाशी फ्लाइट मोड लावून आत जा आणि बाहेर आल्यावर काढा, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं. ८ आणि ३ वाजताचे टक्के लिहून ठेवा, बाकी काही बदलू नका.

सोबत थिएटर मोडही लावा. हात वर झाला की पडदा बाहीच्या आत उगाच उजळतो, तो थांबतो. ॲपलमध्ये कंपनं चालू राहतात, बाकी मॉडेलवर तपासून घ्या.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. आत कोणी पडलं तर घड्याळ फोन करेल, या भरवशावर कोणी राहू नये. ज्या पत्र्यामुळे बॅटरी उतरते, त्याच पत्र्यामुळे तो फोन लागणार नाही. दाराची आतून उघडणारी मूठ आणि अडकलेल्या माणसासाठीचं अलार्म बटण, या दोनच गोष्टी कामाच्या. बटणावर बर्फ धरला नाही ना आणि घंटा बाहेर खरंच ऐकू येते ना, हे दर शिफ्टच्या सुरुवातीला दाबून बघा.

नौपाडा_काच_गॅस्केट

वाफेबद्दल सविस्तर लिहितो, कारण घड्याळ मरतं ते इथे. दुरुस्तीला येणाऱ्या अशा घड्याळांचं नुकसान चेंबरच्या आत झालेलं नसतं, दाराबाहेर झालेलं असतं.

नवी मुंबईची हवा ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरा. तिचा दवबिंदू साधारण २४ अंश. म्हणजे २४ च्या खाली असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरणारच. पावसाळ्यात २८ अंश आणि ९० टक्के असेल तर हाच आकडा २६ वर जातो. बाहीच्या आत असलेली काच बाहेर येईपर्यंत त्याच्या थोडी खाली गेलेली असते, म्हणून नुसती धुकट होते. बाहीवरून बांधलेल्या घड्याळाची काच मात्र शून्याच्या बरीच खाली असते. तिच्यावर आधी बर्फाचा पांढरा थर धरतो, मग तो वितळून पाणी क्राउनच्या (बाजूच्या फिरत्या बटणाच्या) फटीत, स्पीकरच्या जाळीत आणि पट्ट्याच्या खाचेत उतरतं. हे दिवसातून दहा वेळा.

म्हणून बाहीवरून बांधू नका. बॅटरी खरोखर गार पडते, ठोके मोजले जात नाहीत, आणि घड्याळ मनगटावर नाही असं समजून ते स्वतःला कुलूप लावतं. उणे २० मधून आलेली धातूची पाठ काढून लगेच उघड्या मनगटाला लावली तर कातडीही भाजल्यासारखी होते.

आता आतल्या धुक्याचं. ५ एटीएम ही चाचणी पाण्याच्या दाबाची आहे. वाफ वेगळी. रबरी सील गार झालं की आकसतं आणि कडक होतं. शिवाय बंद घड्याळ ३० अंशांवरून १० वर आलं की आतल्या हवेचा दाब साधारण साडेसहा टक्क्यांनी पडतो. सील थकलेलं असेल तर घड्याळ त्या वेळी बाहेरची हवा आत ओढतं. कोल्ड स्टोरेजची हवा खरं तर कोरडी असते, इतक्या थंड हवेत वाफ मावतच नाही. पण तुमच्या घड्याळाभोवती ती हवा नसते, सूटच्या आतली घामट हवा असते. तीच आत जाते.

धुकं कोपऱ्यात दिसतं म्हणून गळती त्याच कोपऱ्यात आहे असं समजू नका. वाफ काचेच्या सगळ्यात गार जागी बसते, आत शिरते भलतीकडून.

आज रात्रीच हे करा. घड्याळ बंद करून पट्टा काढा. कोरड्या सुती कापडाने पुसा, क्राउनच्या कडेला मऊ ब्रश फिरवा. घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात ५० ग्रॅमच्या आसपास सिलिका जेल घ्या, दाणे रंग बदलणारे असले तर उत्तम. घड्याळ काच वर करून त्यात २४ ते ४८ तास ठेवा. दाण्यांचा रंग बदलला तर दाणे बदला. तांदूळ नको, तो ओलावा फारसा ओढत नाही आणि त्याची भुकटी स्पीकरच्या जाळीत बसते. हेअर ड्रायर नको, गरम हवेने चिकट सील सैल होतं. ओलावा असताना चार्जिंगला अजिबात लावू नका.

यानंतर एका आठवड्यात धुकं परत दिसलं तर सील गेलंय. सेवा केंद्रात प्रेशर टेस्ट मागा, नुसतं "बघून घ्या" म्हणू नका. काच उचलून नवं सील बसवल्यावर पुन्हा टेस्ट झाली की नाही, तेही विचारा.

नेरुळ_क्यूसी

बाहीवरून बांधायचं नाही, समजलं. पण बाहेर येण्याची नेमकी पद्धत काय ठेवू? आमच्याकडे चेंबर आणि डॉकच्या (गाडीत माल चढवायच्या जागेच्या) मध्ये अँटी-रूम आहे, ८ ते १० अंशांवर.

नौपाडा_काच_गॅस्केट

अँटी-रूम आहे हे फार बरं. तिथली हवा गार आणि कोरडी, दवबिंदू बाहेरच्यापेक्षा खूप खाली. चेंबरमधून आलात की पाच मिनिटं तिथेच थांबून कागदाचं काम उरका. मोजे काढा, पण बाही वर करू नका. या वेळात हाताच्या उबेने काच वर येते. मग डॉकवर जा, आणि तिथेही बाही लगेच उघडू नका, आणखी पाच-सात मिनिटं जाऊ द्या. माणसं नेमकं उलटं करतात. बाहेर आल्या आल्या उकडतं म्हणून पहिली बाही वर सारतात आणि गार काच सरळ दमट हवेत येते.

घड्याळ काढून लॉकरमध्ये ठेवायचं असेल तर अँटी-रूममध्येच झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि पिशवी तशीच बाहेर न्या. वाफ पिशवीवर धरेल, घड्याळावर नाही. अर्ध्या तासाने उघडा.

येऊर_चढण

ठोक्यांबद्दल. घड्याळातला हिरवा दिवा कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांमधली रक्ताची हालचाल बघतो. गारठ्यात शरीर हातापायांचं रक्त आत ओढून घेतं, मनगटाजवळच्या वाहिन्या आकसतात आणि सेन्सरला बघायला काही उरत नाही. मग तो मिळेल ती लय पकडतो. पॅलेट ट्रकची खडखड, पावलांची लय. उभं असताना १५० दाखवतंय, तिथे बहुधा चालतानाची लय पकडून ठेवलेली असते किंवा घड्याळ सैल झालेलं असतं. ट्रकची मूठ घट्ट धरली की मनगटातल्या शिरा ताठ होतात आणि घड्याळ कातडीपासून किंचित उचललं जातं, तो आणखी एक घोळ.

जागा बदला. मनगटाच्या हाडापासून कोपराकडे तीन ते चार बोटं वर. तिथे मांस जास्त, उब जास्त, आणि सूटच्या विणलेल्या कफाचा दाब येत नाही. पट्टा इतकाच घट्ट की घड्याळ सरकवलं तर खालची कातडी सोबत सरकावी. काढल्यावर दहा मिनिटांत वळ गेला पाहिजे. थर्मलची बाही घड्याळाच्या वरून यायला हवी. बाहीचा काठ सेन्सरखाली दोन मिमी जरी अडकला तरी आकडे बिघडतात, आणि जाड कपडे चढवताना हे हमखास होतं. म्हणून क्रम असा: थर्मल, मग बाही वर करून घड्याळ, मग बाही खाली, मग सूट. सिलिकॉनच्या जागी वेल्क्रोचा नायलॉन पट्टा घ्या. तो हवा तितका ओढता येतो, पण घामाने भिजतो, तेव्हा दोन ठेवा आणि रोज एक धुवा.

अचूक आकडे हवेच असतील तर छातीचा पट्टा. तो हृदयाचे विद्युत संकेत घेतो, रक्त आकसण्याशी त्याचा संबंध नाही. घालण्याआधी दोन्ही इलेक्ट्रोड पाण्याने ओले करा. सुरुवातीला घाम नसतो आणि कोरड्या हवेत थर्मलच्या घर्षणाने स्थिर वीज तयार होते, त्यामुळे पहिली काही मिनिटं २०० च्या आसपास वेडे आकडे येतात. छातीला टोचत असेल तर दंडावर बांधायचा ऑप्टिकल पट्टाही मिळतो, पोलर व्हेरिटी सेन्स त्यातलाच. दंड मनगटाइतका गार पडत नाही.

रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा चेंबरमध्ये बघूच नका. तोही नाडीवरच अवलंबून असतो. गार मनगटावर तो एक तर येत नाही, किंवा खोटा कमी येतो आणि माणूस विनाकारण घाबरतो.

पामबीच_सायकल

एसओएसचं कारण क्राउन आणि बाजूचं बटण हाताच्या पंजाकडे असणं. ट्रक ढकलताना मनगट मागे वाकतं, जाड मोज्याचा काठ बटणावर येतो आणि दाबून धरतो. काही घड्याळांत एसओएस लांब दाबाने लागतो, काहींत पाच वेळा झटपट दाबल्यावर. मोज्याचा काठ दोन्ही करू शकतो.

घड्याळ उलटं फिरवा, म्हणजे क्राउन कोपराकडे जाईल. ॲपलमध्ये सेटिंग्ज, जनरल, ओरिएंटेशन, तिथे मनगट डावं आणि क्राउन डावीकडे. पडदाही फिरतो. पट्ट्याचे दोन तुकडे आपसात बदलून घ्या, नाहीतर बक्कल उलट्या बाजूला येतं. एसओएसच्या सेटिंगमध्ये "बटण धरून ठेवल्यावर आपोआप कॉल" बंद करा. स्क्रीन उघडेल, पण सायरन आणि कॉल सुरू होणार नाही. आत जाताना वॉटर लॉक (पडद्याचा स्पर्श बंद करणारी सोय) लावलंत तर मोज्याच्या ओल्या टोकाने होणारे चुकीचे स्पर्शही थांबतात.

टच चालणारे मोजे घेऊ नका. बोटाच्या टोकाला वाहक धागा असलेले मोजे पातळ असतात, उणे २० साठी बनलेले नसतात, आणि वरचा मोजा चढवला की त्यांचा उपयोग संपला. चिमटीचा डबल टॅप ॲपलच्या सिरीज ९ पासून आहे, पण लो पॉवर मोड किंवा वॉटर लॉक लावलं की तो बंद होतो.

मुळात चेंबरमध्ये घड्याळ बघायची गरजच ठेवू नका. दर वेळी मोजा आणि बाही यांच्यात फट पाडली की मनगट उघडं पडतं, तिथे धमनी कातडीच्या अगदी जवळ, आणि बोटं लवकर बधिर होतात. दारापाशी २० मिनिटांचा टायमर लावा, कंपन सगळ्यात जोरावर. कंपन थेट कातडीवर येतं, कपडे कितीही जाड असोत, जाणवतंच.

नेरुळ_क्यूसी

एक गोंधळ. फ्लाइट मोड लावला तर छातीचा पट्टा जोडलेला राहील का? आणि शिफ्ट संपताना लॉकरपाशीच चार्जिंगला लावलं तर चालेल?

पफ_पॅनेल_महापे

राहील. फ्लाइट मोड लावल्यावर ब्लूटूथ वेगळं चालू करा. बऱ्याच घड्याळांत ही निवड लक्षात राहते, पुढच्या वेळी फ्लाइट मोड लावला तरी ब्लूटूथ चालूच राहतं. ब्लूटूथचा खर्च सिमच्या शोधापुढे किरकोळ आहे. पट्टा एकदा बाहेर जोडून, ठोके दिसू लागल्यावरच आत जा.

नौपाडा_काच_गॅस्केट

लॉकरपाशी लगेच नको. बॅटरी शून्याखाली असताना चार्ज केली तर आतल्या इलेक्ट्रोडवर लिथियमचा थर बसतो आणि क्षमता कायमची घटते. बाहीच्या आतलं घड्याळ इतकं गार होत नाही, पण तुमच्यातले जे बाहीवरून बांधतात त्यांच्या बाबतीत हा धोका खरा आहे. त्यांनी किमान एक तास थांबावं.

तुमच्यासाठी कारण दुसरं: ओल. ज्या घड्याळांना मागे धातूच्या ठिपक्यांचं चुंबकी चार्जिंग असतं, त्यांच्या ठिपक्यांमध्ये घामाचा थेंब अडकला आणि चार्जर लावला की विजेमुळे ठिपका गंजतो. आधी काळपट होतो, मग कडेला हिरवं फुटतं, मग चार्जिंग लागता लागत नाही. तळोज्याकडच्या मासळीच्या युनिटमध्ये खारं पाणी असल्यामुळे हे आणखी लवकर होतं. गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने पाठ पुसा, कोरड्या कापडाने टिपा, २० मिनिटं पंख्याखाली ठेवा, मग चार्जर. हिरवं फुटलेलं असेल तर मऊ टूथब्रशवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन फक्त ठिपके घासा, जाळीवर जाऊ देऊ नका.

खोपट_ट्रेक

जानेवारीत केदारकंठाला, उत्तराखंडातल्या बर्फाच्या ट्रेकला जायचंय. हे सगळं तिथेही लागू का?

येऊर_चढण

अर्धंच. बाहीच्या आत, कातडीवर, कफाच्या वर हे तसंच. फ्लाइट मोडही तसाच, कारण सांकरीच्या (पायथ्याच्या गावाच्या) पुढे नेटवर्कचा शोध बॅटरी खातो. फ्लाइट मोडमध्ये जीपीएस चालतं ना, हे आपल्या मॉडेलवर इथेच, उपवनला एक फेरी मारून तपासा. जाकिटाच्या कापडाने जीपीएस अडत नाही.

वाफेचा त्रास तिथे कमी, हवा कोरडी असते. धोका रात्री. घड्याळ काढून तंबूत उशाशी ठेवलं तर पहाटे मेलेलं सापडेल. हातातच ठेवा, पॉवरबँक स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घ्या आणि चार्जिंगही बॅगच्या आतच करा. घड्याळ इतका कमी करंट घेतं की काही पॉवरबँक आपोआप बंद पडतात. बऱ्याच पॉवरबँकमध्ये बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड लागतो, निघण्यापूर्वी घरी करून बघा. १०,००० एमएएचची पॉवरबँक ३७ वॉट-तासांची होते, विमानात केबिन बॅगेतच न्यायची.

घड्याळ दाखवतं ते तापमान मनगटाच्या उबेचं असतं. हवेचं हवं असेल तर घड्याळ काढून २०-३० मिनिटं सॅकला बाहेर टांगावं लागेल, आणि ते फक्त उणे २० किंवा त्याखाली चालणाऱ्या मॉडेलनेच करावं. ॲपलचं अल्ट्रा उणे २० पर्यंत, अमेझफिट टी-रेक्स २ उणे ३० पर्यंत. साध्या घड्याळाने करू नका.

नेरुळ_क्यूसी

सगळ्यांचे आभार. आज रात्री घड्याळ सिलिका जेलच्या डब्यात जाईल. सोमवार फ्लाइट मोडशिवाय, मंगळवार फ्लाइट मोडसह, दोन्ही दिवसांचे ८ आणि ३ चे टक्के इथे लिहिते. अँटी-रूममध्ये झिपच्या पिशव्या ठेवायलाही सांगितलंय, बाहीवरून बांधणाऱ्यांसाठी.